थाना लिपीतील ‘आबाफिलि’: एक दीर्घ स्वरचिन्ह की दोन ऱ्हस्व चिन्हांची जोडी?

प्रश्न: शब्दसंग्राहक

नमस्कार.

मालदीवची धिवेही भाषा आणि मराठी यांच्यात एकाच मुळापासून आलेले जे शब्द आहेत, त्यांची यादी मी गेल्या वर्षभरापासून जमवत आहे. धिवेही ही भारतीय-आर्य कुळातली आणि सिंहलीला सर्वांत जवळची भाषा असल्यामुळे ‘एकेह’ (एक), ‘थिनेह’ (तीन), ‘हथरेह’ (चार), ‘हंधु’ (चंद्र), ‘कोटरि’ (खोली, म्हणजे आपली कोठडी) असे शब्द वरचेवर भेटतात आणि काम हातातून सुटत नाही. यादीत तीन रकाने आहेत: थाना लिपीतील (धिवेही ज्या लिपीत लिहितात तिच्यातील) मूळ शब्द, त्याचे देवनागरी रूप आणि मराठी अर्थ. टंकलेखन मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी मिळून केले आहे. आम्ही तिघीही एरवी मराठी लिहिताना इंग्रजी कळा दाबून उच्चारानुसार टंकलेखन करतो आणि येथेही विंडोजमधला धिवेहीचा उच्चारानुसारी कळफलक वापरला.

अडचण अशी आहे. ‘राज्जे’ या शब्दाने मालदीवचे लोक आपल्या देशाचा उल्लेख करतात. हा शब्द यादीत सात ठिकाणी आहे, हे मी हाताने मोजले; परंतु संगणकाला शोधायला सांगितले की तो चारच ठिकाणे दाखवतो. उरलेल्या तीन ठिकाणी माझ्या फॉन्टमध्ये डोळ्यांना काहीही वेगळे दिसत नाही. शेवटी एकेका चिन्हाचा संकेतांक काढून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. चार ठिकाणी ‘रा’ या अक्षरापुढे यू+०७ए७ हे चिन्ह आहे, ज्याचे युनिकोडमधील (संगणकासाठी प्रत्येक लिपीच्या चिन्हांना संकेतांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीतील) नाव ‘थाना आबाफिलि’ असे आहे. उरलेल्या तीन ठिकाणी यू+०७ए६, म्हणजे ‘अबफिलि’, हे ऱ्हस्व चिन्ह लागोपाठ दोनदा आले आहे. (षोडशमान अंकांतील अक्षरे मी ए, बी अशी लिहीत आहे.)

मला वाटले होते की युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे समतुल्य रूपे एकाच रूपात आणण्याच्या प्रक्रियेने, ही दोन्ही रूपे एक होतील, कारण आपल्या ‘ऱ’चे असेच होते: तो एकसंध लिहिला काय किंवा ‘र’ आणि नुक्ता असा लिहिला काय, नॉर्मलायझेशननंतर एकच रूप उरते. येथे मात्र संयुक्त रूपाची आणि विघटित रूपाची अशा दोन्ही पद्धती वापरूनही जोडी जोडीच राहिली.

माझे दोन प्रश्न आहेत. दीर्घ ‘आ’चे चिन्ह दिसायला ऱ्हस्व ‘अ’च्या चिन्हाची सरळ दुप्पट असताना, युनिकोडने दोन्ही रूपे समतुल्य का मानली नाहीत? आणि यादीत जेथे जेथे एकच फिलि, म्हणजे स्वरचिन्ह, दोनदा आली आहे तेथे तेथे तिच्या जागी दीर्घ फिलि घालणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला, तर काही बिघडेल का?

उत्तर: अक्षरजुळणी

आपण संकेतांक काढून पाहिलेत, हे उत्तम केलेत. अशा तक्रारींत बहुतेक जण फॉन्ट बदलून पाहतात आणि तेथेच थांबतात.

पहिल्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर थोडक्यात असे की, यू+०७ए७ या चिन्हाला युनिकोडमध्ये कोणतेही विघटन, म्हणजे घटक चिन्हांत केलेली फोड, दिलेले नाही. किंबहुना या लिपीच्या संपूर्ण खंडातील (तिला नेमून दिलेल्या संकेतांकांच्या पट्ट्यातील) ५० चिन्हांपैकी एकालाही ते नाही. हा खंड युनिकोडच्या ३.० या आवृत्तीत, म्हणजे १९९९ साली आला. त्यात यू+०७८० पासून मूळ २४ अक्षरे, त्यानंतर अरबी शब्द लिहिण्यासाठी ठिपके देऊन तयार केलेली १४ अक्षरे आणि मग यू+०७ए६ ते यू+०७बी० अशी ११ चिन्हे आहेत: दहा स्वर आणि अकरावे सुकून, म्हणजे स्वराचा अभाव दाखवणारे चिन्ह. ठिपके दिलेली अक्षरेसुद्धा ‘मूळ अक्षर अधिक ठिपका’ अशी फोडलेली नाहीत. एकदा नोंदवलेल्या चिन्हाला मागाहून नवे विघटन जोडायचे नाही, असा युनिकोडचा स्थैर्याचा नियम आहे, कारण तसे केले तर आधी साठवलेल्या मजकुराची ओळखच बदलते. त्यामुळे ही समतुल्यता पुढेही येणार नाही.

परंतु तशी ती यावी का, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि माझे मत ‘नाही’ असे आहे. आबाफिलिचा आकार दोन तिरप्या रेघांचा असला, तरी ती लिहिणाऱ्याच्या मनात ‘अ’ अधिक ‘अ’ नसते. दहाही स्वरांना स्वतंत्र नावे आहेत आणि ती ‘ब’ या अक्षरावर तो तो स्वर चढवून बनली आहेत: अ-ब-फिलि, आ-बा-फिलि, इ-बि-फिलि, उ-बु-फिलि. आपणही ‘ऊ’ला दोन ‘उ’ मानत नाही आणि मुलांना ‘दुसरा उकार’ म्हणून वेगळाच शिकवतो. हे तसेच आहे. शिवाय ‘दीर्घ म्हणजे ऱ्हस्वाची दुप्पट’ हा नियम शेवटपर्यंत टिकत नाही. दीर्घ ‘ओ’ची फिलि ही ऱ्हस्व ‘ओ’च्या फिलीची दुप्पट नसून तिच्यात बदल करून घडवलेला वेगळा आकार आहे. पाचांपैकी चार जोड्यांना विघटन द्यायचे आणि पाचवीला द्यायचे नाही, अशी व्यवस्था कोणत्याही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्रासदायकच ठरली असती.

आणखी एक गोष्ट येथे सांगतो, कारण तीही आपल्या यादीत असू शकेल. या लिपीतील फिलि अरबी स्वरचिन्हांवरून घेतल्या आहेत. एक तिरपी रेघ वर दिली की अरबीत तो ‘फतहा’ होतो आणि येथे अबफिलि. परंतु तशाच दोन रेघा दिल्या की अरबीत त्या ‘फतहतैन’ होतात, ज्याचा उच्चार ‘अन्’ असा आहे, आणि येथे मात्र दीर्घ ‘आ’. आकार तोच, ध्वनी निराळा. म्हणून युनिकोडने अरबी चिन्हे उसनी न घेता या लिपीला स्वतःची चिन्हे दिली, हे योग्यच झाले. धिवेही मजकुरात अरबी वचने अधूनमधून मूळ लिपीत येतात, त्यामुळे कोठूनतरी चिकटवलेल्या मजकुरात यू+०६४बी हे अरबी चिन्ह चुकून या लिपीच्या अक्षरावर बसलेले आढळण्याची शक्यता असते. तेही शोधून काढावे.

देवनागरीची तुलना आपण ‘ऱ’शी केलीत, मी ती ‘आ’शी करीन. ‘अ’ लिहून पुढे काना दिला, तर पडद्यावर काही ठिकाणी ‘आ’च दिसतो, परंतु युनिकोडच्या दृष्टीने तो ‘आ’ नव्हे आणि नॉर्मलायझेशन त्याला हात लावत नाही. बंगालीत मात्र ‘ओ’ची मात्रा ही ‘ए’ची मात्रा अधिक काना यांच्याशी अधिकृतपणे समतुल्य आहे. म्हणजे एका लिपीवरून दुसऱ्या लिपीचा अंदाज बांधता येत नाही. प्रत्येक चिन्हाची नोंद उघडूनच पाहावी लागते.

दोन अबफिलि आपल्याला एका आबाफिलिसारख्या दिसल्या, ही त्या फॉन्टची करणी आहे. अक्षरावर चिन्ह कोठे बसवायचे याचे बिंदू फॉन्टमध्ये ठरवलेले असतात. एका चिन्हावर दुसरे चिन्ह रचण्याची सोय ज्या फॉन्टमध्ये असेल, तेथे दोन रेघा एकीवर एक दिसतील. जेथे ती सोय नसेल, तेथे दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत पडेल आणि वाचणाऱ्याला ‘रा’ऐवजी ‘र’ दिसेल. म्हणजे आपली यादी दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका केलेल्या भासतील. यादी कोणाकडे पाठवण्यापूर्वी हे दुरुस्त करणे आवश्यक आहे.

उत्तर: दक्षिणसागर

ताई, मालदीवची राजधानी मालेमध्ये काही वर्षे शिकवण्याच्या निमित्ताने राहिलो आहे, त्या अनुभवावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो: तो प्रोग्रॅम सरसकट चालवू नये. त्याचे कारण नावांच्या इतिहासात आहे.

युनिकोडमध्ये या चिन्हांची जी नावे आहेत, ती ‘माले लॅटिन’ नावाच्या रोमन लेखनपद्धतीतली आहेत. राष्ट्राध्यक्ष इब्राहिम नासिर यांच्या कारकिर्दीत सरकारी कामात टेलेक्स (टंकलिखित संदेश दूर पाठवणारी) यंत्रे आली. त्यांवर ही लिपी उमटत नव्हती, म्हणून १९७६ साली सरकारने ही रोमन पद्धत लागू केली. १९७८ मध्ये मौमून अब्दुल गयूम सत्तेवर आल्यावर मूळ लिपी परत आली, परंतु रोमन पद्धतही व्यवहारात राहिली. त्या पद्धतीत इंग्रजी ‘ई’ हे अक्षर दोनदा लिहिले की उच्चार ‘ई’, ‘ओ’ दोनदा लिहिला की ‘ऊ’, ‘ई’पुढे ‘वाय’ लिहिला की दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’पुढे ‘ए’ लिहिला की दीर्घ ‘ओ’. म्हणजे यू+०७ए९ हे चिन्ह नावावरून कोणाला ‘ए’चे वाटले, तरी ते ‘ई’चे आहे, आणि यू+०७एबी हे ‘ओ’चे नसून ‘ऊ’चे आहे. युनिकोडमधील नावे कधीही बदलली जात नाहीत, त्यामुळे हा सापळा कायम राहणार.

आता कळफलकाकडे या. उच्चारानुसारी कळफलकावर ऱ्हस्व स्वरासाठी नुसती कळ आणि दीर्घ स्वरासाठी शिफ्टसह तीच कळ दाबायची असते. मराठी लिहिताना ‘आ’साठी इंग्रजी ‘ए’ची कळ दोनदा दाबण्याची सवय असलेल्या माणसाने येथे तेच केले की दोन अबफिलि उमटतात, आपल्या तीन ‘राज्जें’चे मूळ यातच असावे. दोन अबफिलि म्हणजे आबाफिलि, याविषयी शंका नाही. दोन इबिफिलि म्हणजे दीर्घ ‘ई’ आणि दोन उबुफिलि म्हणजे दीर्घ ‘ऊ’, हेही निःशंक. परंतु दोन एबेफिलि दिसल्या, तर काय समजायचे? टंकलेखिकेने आकार पाहून दुप्पट केली असेल, तर तिला दीर्घ ‘ए’ हवा होता, जसा ‘देह’ (दोन) या शब्दात आहे. तिने माले लॅटिन किंवा आपल्या मराठीच्या सवयीने कळ दोनदा दाबली असेल, तर तिला ‘ई’ हवी होती, जशी ‘मीहा’ (माणूस) या शब्दात आहे. दोन ओबोफिलींचेही तेच: ‘ऊ’ की दीर्घ ‘ओ’, हे शब्द पाहूनच ठरवावे लागेल. एक खूण हाताशी आहे. ‘इ’ आणि ‘ई’ या दोनच फिलि अक्षराखाली बसतात, बाकी साऱ्या वर. तेव्हा मूळ छापील पानावर चिन्ह खाली असेल, तर तेथे ‘ई’च हवी.

एक सूचना विनंतीपूर्वक करतो. माले लॅटिनमध्ये ‘टी-एच’ म्हणजे दंत्य ‘त’ आणि ‘डी-एच’ म्हणजे दंत्य ‘द’. त्यातला ‘एच’ महाप्राणाचा नाही, तर मूर्धन्य ‘ट’ आणि ‘ड’ यांपासून वेगळेपणा दाखवण्यापुरता आहे. त्या भाषेत ख, घ, थ, ध, भ असे महाप्राण स्पर्शवर्ण नाहीतच. म्हणून ती भाषा धिवेही नसून दिवेही, लिपी थाना नसून ताना, आणि आपल्या यादीतले शब्द ‘तिनेह’, ‘हतरेह’, ‘हंदु’. हे दुरुस्त केलेत की मराठीशी असलेले साम्य आपल्याला आणखी ठळक दिसेल. ‘एकेह’मधील शेवटचा ‘ह’ही खरा ‘ह’ नाही. मूळ लेखनात तेथे अलिफु या अक्षरावर सुकून आहे आणि उच्चार कंठात अडकून तुटल्यासारखा होतो. तोच अलिफु-सुकून शब्दाच्या मध्ये आला की पुढच्या व्यंजनाचे द्वित्व करतो, म्हणून ‘राज्जे’. आणि ‘ता’वर सुकून देऊन लिहिलेला ‘हात’ या अर्थाचा शब्द ‘अत्’ असा नव्हे, तर ‘अइ’च्या जवळपास उच्चारला जातो. सुकूनला हलंत समजून लिप्यंतर करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शब्दसंग्राहक

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘तीन’ आणि ‘थिनेह’ यांच्यातला तो महाप्राण मला कित्येक महिने छळत होता आणि त्याची कारणे मी भाषेच्या इतिहासात शोधत होते. तो रोमन लेखनातून आलेला आभास आहे, हे कळल्यावर यादीतला देवनागरी रकाना पुन्हा लिहायला घेतला आहे.

त्यातून एक उपप्रश्न निघतो. दिवेहीत ऱ्हस्व ‘ए’ व दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व ‘ओ’ व दीर्घ ‘ओ’ वेगळे आहेत. मराठी लेखनात हा भेद नाही. तो दाखवण्यासाठी काय करावे? आणि दुहेरी फिलि शोधण्यासाठी मी पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम शब्दच नीट वेगळे करत नाही. प्रत्येक शब्दाचे सुटे सुटे अक्षर हाती येते. माझी चूक कोठे आहे?

उत्तर: शोधयात्री

देवनागरीत ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ यांसाठी चिन्हे आहेत: स्वतंत्र रूपे ऎ आणि ऒ, मात्रा ॆ आणि ॊ. द्राविडी भाषांचे शब्द देवनागरीत लिहिता यावेत, यासाठी ती युनिकोडमध्ये आहेत. आपल्या कामासाठी ती अगदी योग्य ठरतील: ‘राज्जॆ’, ‘कॊटरि’, परंतु ‘बो’ (डोके) हा दीर्घ. सामान्य मराठी वाचकाला ही चिन्हे अनोळखी आहेत, तेव्हा यादीच्या आरंभी चार ओळींचा खुलासा अवश्य द्यावा.

आता प्रोग्रॅमविषयी. आपली चूक नाही. आपण वापरलेल्या साधनाचे गृहीतक ताना लिपीला, तसेच देवनागरीलाही, लागू पडत नाही. पायथॉनच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातील नमुने शोधण्याच्या सोयीत) ‘शब्दातील अक्षर’ दाखवणारा जो संकेत आहे, तो फक्त अक्षर आणि अंक या वर्गांतील चिन्हांना व अधोरेषेला ओळखतो. स्वरचिन्हे ‘मार्क’ या वर्गात येतात, म्हणून त्याच्या दृष्टीने तेथे शब्द तुटतो. ‘मराठी’ हा शब्द देऊन पाहा. ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतील. ‘दिवेही’ या शब्दात तीन अक्षरे आणि तीन फिलि असल्याने त्याची तीन सुटी व्यंजने होतात. उपाय असा की, शब्दाची व्याख्या स्वतः करावी आणि तीत ताना खंडातील सर्व संकेतांक घ्यावेत.

यापेक्षा गंभीर धोका दुसऱ्या एका सवयीत आहे. युरोपीय भाषांत शोध सोपा व्हावा म्हणून मजकूर विघटित करून सर्व ‘नॉन-स्पेसिंग मार्क’ (स्वतःची जागा न घेता अक्षराच्या वर-खाली बसणारी चिन्हे) काढून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी तयार कोडमध्येच बसवलेली असते. देवनागरीतील काना व दोन्ही वेलांट्या वेगळ्या उपवर्गात असल्यामुळे वाचतात, परंतु उकार व मात्रा जातात, आणि ‘पुणे’चे ‘पण’ होते. तानामध्ये अकराच्या अकरा चिन्हे याच उपवर्गात आहेत. म्हणजे एकही स्वर उरत नाही. ‘राज्जॆ’चे ‘रा’, ‘अलिफु’, ‘जवियनि’ या अक्षरांचे एवढेच सांगाडे राहतात. या लिपीत स्वतंत्र स्वराक्षरे नसून शब्दारंभीचा स्वरसुद्धा अलिफुवर फिलि देऊनच लिहितात, हे लक्षात घेतले की हानी किती मोठी आहे ते कळेल. फिलि हा अक्षरावरचा अलंकार नाही, तो स्वरच आहे. आपली यादी एखाद्या संकेतस्थळावर ठेवणार असाल, तर तेथील शोध ही रीत वापरतो का, हे आधी तपासावे.

दुहेरी फिलि शोधण्याचा नियम सोपा आहे: एका अक्षरावर एकच फिलि असावी, दोन कधीही नसाव्यात. परंतु ‘एक तरी असलीच पाहिजे’ असा नियम करू नका. ‘हंदु’मधील नूनू (‘न’) या अक्षरावर काहीही नसते, कारण तेथे पुढच्या व्यंजनाला जोडलेला हलका अनुनासिक दाखवायचा असतो, ते लेखन शुद्ध आहे. ‘या’ हे अक्षर मात्र फिलिविना दिसले, तर संशय घ्यावा: माले लॅटिनच्या सवयीने कोणी दीर्घ ‘ए’साठी ‘ई’ आणि ‘वाय’ अशा दोन कळा दाबल्या असतील. ओबोफिलीपुढे अबफिलि आली असेल, तर तेथे दीर्घ ‘ओ’ अभिप्रेत होता.

अक्षरांची मर्यादा ठरवताना एक अपवाद विसरू नका. यू+०७बी० पर्यंत फिलि संपतात आणि पुढचेच यू+०७बी१ हे स्वरचिन्ह नसून अक्षर आहे. ते आपल्या ‘ण’चे. विसाव्या शतकाच्या मध्यास मालदीवच्या अधिकृत लेखनातून ते काढून टाकले गेले आणि त्याची जागा नूनूने घेतली, परंतु जुन्या ग्रंथांसाठी व दक्षिणेकडील बोलींतील गीतांसाठी ते लागते. युनिकोडमध्ये ते २००२ साली, ३.२ या आवृत्तीत आले आणि तोवर अक्षरांची रांग भरलेली असल्याने फिलींच्या मागे बसले. समान मुळाचे शब्द शोधणाऱ्या व्यक्तीला जुन्या पुस्तकांतील हा ‘ण’ फार उपयोगी पडेल, म्हणून आपल्या प्रोग्रॅमने त्याला फिलि समजून हटवू नये.

शब्दसंग्राहक

आपण सांगितलेला नियम लावून यादी तपासली. दोन अबफिलि असलेल्या सर्व नोंदी प्रोग्रॅमने दुरुस्त केल्या आणि ‘राज्जॆ’ आता सातही ठिकाणी सापडतो. दुहेरी एबेफिलि व ओबोफिलि असलेल्या नोंदी मैत्रिणींसोबत बसून एकेक पाहिल्या. दोघींच्या सवयी खरोखरच वेगळ्या निघाल्या. एकीने त्यांतून ‘ई’ लिहिली होती, दुसरीने दीर्घ ‘ए’. छापील पानावर चिन्ह वर की खाली, या खुणेने बहुतेक नोंदींचा निकाल लागला. दोन नोंदींची मूळ पाने अस्पष्ट आहेत, त्या सध्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. दक्षिणसागर, आपली हरकत नसेल तर त्या पानांची छायाचित्रे आपल्याला पाठवते.